पेट्रोल गाडीच्या इग्निशनची घरगुती तपासणी

पेट्रोल गाडीत इग्निशनचे काम एवढेच असते: बॅटरीचे १२ व्होल्ट घ्यायचे, त्यांचे पंधरा-वीस हजार किंवा त्याहून जास्त व्होल्ट करायचे आणि नेमक्या क्षणी प्लगच्या टोकावर ठिणगी पाडायची. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० वेळा हे घडावे लागते. त्यातल्या काही वेळा हुकल्या तर गाडी झटके देते, मिस मारते. सगळ्याच हुकल्या तर सेल्फ फिरत राहतो, पण इंजिन काही उचलत नाही. डिझेल गाडीला ठिणगी लागतच नाही. तिथे दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते. त्यामुळे डिझेलची जीप, पिकअप किंवा ट्रॅक्टर चालू होत नसेल, तर पुढची तपासणी त्यांना लागू पडत नाही.

गिरणेच्या काठच्या भडगावात एकच गाडी वर्षभरात तीन प्रकारांनी रुसते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दुपारी पाचोऱ्याहून आलेली गाडी दारात दहा मिनिटे उभी राहिली आणि पुन्हा सेल्फ मारला, तर उचलत नाही. संध्याकाळी मात्र काही झालेच नाही अशी चालू होते. श्रावणात रात्रभर पाऊस लागला की सकाळी तीच गाडी मिस मारते आणि ऊन पडले की सुरळीत होते. जानेवारीच्या गार पहाटे सेल्फच जड फिरतो. ही तीन लक्षणे तीन वेगळ्या जागी बोट दाखवतात. पहिल्यात संशय कॉइलवर किंवा इंजिनचे फिरणे टिपणाऱ्या क्रँक सेन्सरवर जातो, दुसऱ्यात वायरींवर आणि डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवर, तिसऱ्यात बॅटरीवर. म्हणून बिघाड ज्या वेळी आणि ज्या हवेत दिसतो, तपासणीही त्याच वेळी आणि त्याच हवेत करावी. दुपारी बंद पडलेली गाडी टोचन लावून गॅरेजात न्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना उघडायची, यात कित्येक चांगले भाग उगाच बदलले जातात. दुखणे तसेच राहते आणि पैसे जातात.

तपासणीआधी आपल्या गाडीत कोणत्या पिढीचे इग्निशन आहे ते ओळखावे. उच्च दाबाची ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी तयार केला. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) यांची जोडणी त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बसवली. त्यांच्या कंपनीचे नाव डेल्को. आपल्याकडचे जुने मिस्तरी डिस्ट्रिब्यूटरला आजही ‘डेल्को’च म्हणतात, ते त्या नावावरून. प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसडर आणि कार्ब्युरेटरच्या काळातली मारुती ८०० किंवा ओम्नी या गाड्यांत एक कॉइल, एक डेल्को आणि त्यातून प्रत्येक प्लगकडे जाणारी जाड वायर असते. पुढच्या पिढीत डेल्को गेला आणि दोन सिलिंडरमागे एक कॉइल आली. त्याहून नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच स्वतंत्र कॉइल बसते आणि जाड वायर उरतच नाही. बॉनेट उघडून वायरी मोजल्या की पिढी कळते.

लागणारी हत्यारे थोडी आहेत. प्लग पाना, फिलर गेज, चार-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, कोरडे फडके, टॉर्च आणि एक मदतनीस. मदतनीस खरोखरच हवा: एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने बघायचे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, अंगावर लोंबणारी ओढणी, उपरणे किंवा गळ्यातली साखळी नाही. गरम इंजिनचा इलेक्ट्रिक पंखा चावी काढल्यावरही एकदम फिरू शकतो, तेव्हा बोटे त्याच्यापासून दूर. ठिणगी पाहताना आसपास पेट्रोलचा वास येत असेल तर तपासणी तिथेच थांबवून गळती आधी शोधावी. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इग्निशनजवळ उभेही राहू नये.

एक जुनी सवय इथेच सोडून द्यावी. चालू इंजिनची प्लग वायर ओढून करंट येतो का ते पाहण्याची पद्धत पॉइंटच्या गाड्यांत खपून गेली. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की तो सगळा दाब कॉइलच्या आतल्या आवरणावर येतो आणि ते फुटते. इलेक्ट्रॉनिक गाडीत तोच दाब उलटा फिरून ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या संगणकापर्यंत, पोहोचू शकतो, आणि ईसीयूची किंमत साऱ्या प्लग-वायरींच्या कितीतरी पट असते.

सुरुवात बॅटरीपासून करावी. तपासणीत सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग हाच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावल्यास पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर सेल्फच सगळी ताकद खाऊन टाकतो आणि कॉइलच्या वाट्याला पुरेसे काही उरत नाही. अशा वेळी ठिणगी कमजोर दिसली तरी दोष कॉइलचा नसतो. चालू इंजिनला बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने ती धुवावी, कोरडी करावी, टर्मिनल घट्ट आवळावे आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. यानंतरचे माप फारच कमी जण घेतात. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला तर इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. काळ्या मातीचा चिखल पट्टीच्या बोल्टवर वाळून बसला की आतून गंज धरतो, वरून काही दिसत नाही.

सेल्फ नीट फिरतो आणि इंजिन उचलत नाही, असे असेल तर पेट्रोल नाही की ठिणगी नाही, हे आधी वेगळे करावे. चार-पाच वेळा सेल्फ मारून एक प्लग काढला आणि तो पेट्रोलने ओला असला तर पेट्रोल पोहोचते आहे, पेटत नाही. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पंप, रिले किंवा पेट्रोलच्या मार्गाकडे वळावे. इग्निशन उघडत बसण्यात अर्थ नाही. नव्या गाडीत चावी फिरवताना डॅशबोर्डवर किल्लीचे चित्र लुकलुकत राहिले तर इमोबिलायझरने गाडी रोखली आहे. दुसरी चावी लावून बघावी.

प्लग काढताना इंजिन गार असावे, कारण अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गरम असताना सहज खराब होतात. खानदेशात प्लगच्या खोबणीत हमखास धूळ साचलेली असते. प्लग सैल करण्याआधी ती हवा मारून किंवा ब्रशने काढावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनच्या रिंगांना ओरखडे काढते. काढलेले प्लग पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ असे आकडे घालून त्याच क्रमाने मांडावेत. प्लगचे तोंड म्हणजे त्या सिलिंडरच्या आतला अहवाल असतो. फिक्या तपकिरी, बिस्किटासारख्या रंगाचा प्लग निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. कापसाच्या हंगामात मातीच्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाडीत ती दिसली तर प्लग बदलण्याआधी एअर फिल्टर झटकावा किंवा नवा टाकावा. तेलकट काळा चिकट थर रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल चढत असल्याचे सांगतो. पांढरेफटक, फोड आलेले टोक इंजिन जास्त तापत असल्याचे लक्षण. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर त्या एका सिलिंडरची गोष्ट आहे. चारही सारखेच बिघडलेले दिसले तर कारण सामाईक आहे.

गॅप फिलर गेजने मोजावा. पॉइंटच्या जुन्या गाड्यांत तो साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतो, इंजेक्शनच्या गाड्यांत ०.८ ते १.१, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि तोच खरा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. म्हणून पेट्रोलवर नीट चालणारी गाडी सीएनजीवर टाकताच मिस मारू लागली, तर प्लग आणि कॉइल थकत आल्याची ती पहिली खूण समजावी. साधे निकेलचे प्लग वीस-तीस हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखभरही जातात. मात्र इरिडियमचे बारीक टोक पान्याने किंवा गेजने रेटले तर तुटते. प्लग परत बसवताना पहिले फेरे बोटांनीच द्यावेत. नवा वॉशरचा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा ते पाऊण फेरा पुरतो. जुन्या प्लगचा वॉशर आधीच दबलेला असल्याने त्याला जेमतेम थोडेसे वळण पुरे.

आता ठिणगी. प्लग वायरच्या टोपीत घालून त्याचे लोखंडी अंग इंजिनच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवावे. तो हाताने धरू नये. जंप केबलच्या चिमट्याने पकडावा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, म्हणून प्लग त्या भोकापासून लांब टेकवावा. इंजेक्शनच्या गाडीत आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढावा, म्हणजे न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करणार नाही. मदतनीसाने सेल्फ मारावा. टक-टक असा कडक आवाज करत निळसर पांढरी ठिणगी पडली तर ठीक. पिवळी-तांबूस, मऊ, अधूनमधून पडणारी ठिणगी कमजोर. पण या परीक्षेत एक फसगत आहे. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून तीच पाडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. बाहेर दिसलेली ठिणगी आत गेल्यावर मरू शकते. म्हणून स्पार्क टेस्टर वापरावा. त्याची फट पाच-सहा मिलिमीटरची असते, आणि ती ओलांडणारी ठिणगी आतही टिकते.

ठिणगी अजिबात नसेल तर मागे मागे जावे. चावी ऑन करून कॉइलच्या पॉझिटिव्हवर मल्टिमीटर लावावा. बॅटरीइतके व्होल्ट दिसले पाहिजेत. काही जुन्या गाड्यांत मध्ये बॅलास्ट रेझिस्टन्स असतो, तिथे ते कमी दिसतात आणि त्यात दोष नसतो. काहीच नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच आणि वायरिंग बघावे. गोठ्याला किंवा कापसाच्या ढिगाला लागून उभ्या राहणाऱ्या गाडीत वायर उंदराने कुरतडलेली असणे अगदी नेहमीचे आहे. टॉर्चच्या उजेडात वायरिंगचा पूर्ण पट्टा चाचपत जावा, तुटलेली तार पुष्कळदा वरच्या कापडी टेपखाली लपलेली असते. व्होल्ट येत असतील तर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि टोक कॉइलच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला तर कॉइलची उघडझाप होते आहे. मग दोष कॉइलमध्ये किंवा पुढे आहे. दिवा नुसताच पेटून राहिला किंवा पेटलाच नाही तर पॉइंट, इग्निशन मॉड्यूल किंवा क्रँक सेन्सर यांच्याकडे जावे. ही परीक्षा जुन्या, डेल्कोच्या गाड्यांसाठी आहे. ईसीयूवर चालणाऱ्या कॉइलच्या वायरीला बल्बचा लॅम्प लावू नये, एलईडीचा लावावा. नव्या गाडीत आणखी सोपी खूण असते: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचितही हलत नसेल तर क्रँक सेन्सरकडून खबर येत नसण्याची शक्यता मोठी.

कॉइलचा रेझिस्टन्स वायरी काढून मोजावा. दोन बारीक टर्मिनलांमधला, म्हणजे प्रायमरीचा, आकडा इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या कॉइलमध्ये अर्धा ते दोन ओहम आणि पॉइंटच्या कॉइलमध्ये तीनच्या आसपास असतो. प्रायमरी आणि मधले जाड भोक यांच्यामधला, म्हणजे सेकंडरीचा, बहुधा ६ ते १५ हजार ओहम. मल्टिमीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्यावर जो अर्धा-पाव ओहम दिसतो, तो प्रायमरीच्या आकड्यातून वजा करायला विसरू नये. एवढ्या बारीक मापात त्याने निकाल फिरतो.

मे महिन्यातली दुखणी इथेच सापडतात. कॉइलच्या आतली तार तापली की प्रसरते आणि एखादा बारीक तडा उघडतो. गार झाली की तो पुन्हा जुळतो. सकाळच्या मापात अशी कॉइल निर्दोष ठरते. तिला पकडायचे तर गाडी दुपारी फिरवून आणावी, बंद पडेपर्यंत चालू ठेवावी आणि बंद पडताच, बॉनेट तापलेले असतानाच, ठिणगी बघावी आणि ओहम मोजावेत. ठिणगी गायब असेल तर ओले फडके पिळून कॉइलवर पाच मिनिटे ठेवावे आणि पुन्हा सेल्फ मारावा. गाडी उचलली तर कॉइल दोषी ठरण्याइतका पुरावा मिळाला. उचलली नाही तर तसाच प्रयोग क्रँक सेन्सरवर करावा, मात्र हात पोहोचत असेल आणि गाडीखाली शिरावे लागत नसेल तरच. फडके ओले असले तरी त्यातून पाणी ठिबकता कामा नये. तापलेल्या प्लास्टिकवर पाण्याची धार पडली तर ते तडकते.

पावसाळ्यातला दोष अंधारात दिसतो. रात्री अंगणातला दिवा बंद करून, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे आणि कपड्यांना पाणी मारायच्या फवाऱ्याने प्लग वायरींवर धुक्यासारखे बारीक पाणी उडवावे. चांगल्या वायरींवर काहीच दिसत नाही. फुटलेल्या वायरीभोवती निळी बारीक किनार थरथरते, कधी वायरीवरून इंजिनकडे कोळ्याच्या तंतूएवढी ठिणगी उडी मारते आणि त्याच क्षणी इंजिनचा आवाज अडखळतो. त्या वायरीला हात लावू नये, फक्त तिची जागा लक्षात ठेवावी. गार झाल्यावर वायर काढून ओहम मोजावेत. कार्बनच्या तारेच्या वायरीत एक मीटर लांबीला साधारण दहा ते वीस हजार ओहम असतात. एका संचातली एकच वायर बाकीच्यांच्या दुप्पट दाखवत असेल तर संपूर्ण संच बदलणे शहाणपणाचे, कारण सगळ्या वायरी एकाच वयाच्या असतात.

डेल्कोची कॅप उघडून आतून उजेडात तिरपी धरावी. पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ एका टर्मिनलकडून दुसऱ्याकडे गेलेली दिसली तर ती रेघ नसून ठिणगीची पायवाट आहे. दमट हवेत ठिणगी प्लगकडे न जाता त्या वाटेने जाते. ती खरवडून काढली तरी काही दिवसांत परत उमटते, कॅप बदलावी. मधला कार्बनचा खुंट स्प्रिंगवर वरखाली होतो का, रोटरचे टोक जळून झिजले आहे का, हेही त्याच वेळी बघावे. वायरी काढण्याआधी प्रत्येकीवर कागदी टेप लावून आकडा टाकावा. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत फायरिंगचा क्रम १-३-४-२ असतो, तीन सिलिंडरच्या मारुती ८००मध्ये १-३-२. दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी कार्ब्युरेटरमधून भडका मारते.

पॉइंटच्या गाडीत इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा पॉइंटखाली आणावा आणि फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवावी. पॉइंटची तोंडे निळी पडून एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी तयार झाली असेल तर कंडेन्सर गेलेला असतो. तो न बदलता नुसते पॉइंट घासले तर आठवड्यात तेच. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही थोडे सरकते, म्हणून ते नंतर पुन्हा बघावे लागते.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत तपासणी फार सोपी झाली आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्या काळापासूनच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचा सॉकेट असतो आणि त्यात बसणारा ब्लूटूथ रीडर मोबाइलवर दोषाचा आकडा दाखवतो. पी०३०० म्हणजे कुठेही होणारे मिसफायर, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचे, पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचा दोष. पी०३०२ आल्यावर लगेच दुसऱ्या नंबरची कॉइल विकत आणायला जळगाव गाठू नये. इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल कराव्यात, कोड पुसावा आणि गाडी फिरवून आणावी. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली. पी०३०२च राहिला तर याच पद्धतीने प्लग बदलून बघावा. तरीही तोच कोड आला तर दोष इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन यांपैकी एकात आहे. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर मिसफायर जोरात आहे आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटत आहे. अशी गाडी फार लांब हाकू नये.

वारंवार सेल्फ मारून इंजेक्शनचे इंजिन पेट्रोलने भरले असेल तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. बहुतेक गाड्यांत त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात आणि आतले जास्तीचे पेट्रोल निघून जाते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबावे.

टायमिंग बेल्ट तुटलेला, कॉम्प्रेशन गेलेले, ईसीयूच्या वायरिंगमध्ये पाणी शिरलेले, अशा शंका आल्या की घरची तपासणी थांबवावी. मात्र मिस्तरीकडे जाताना घेतलेली मापे कागदावर लिहून न्यावीत: बॅटरीचे व्होल्ट, कॉइलचे ओहम, प्लगांचे रंग क्रमाने, मिळालेला कोड आणि गाडी नेमकी कधी, किती तापल्यावर बंद पडते ते. काढलेले प्लग आकडे घातलेल्या पुठ्ठ्यासकट सोबत द्यावेत.